धातूंची आघातपरीक्षा आणि तिची मर्यादा

भस्मनिर्मितीसाठी धातू खरेदी करताना आपण वर्ण, तेज आणि गुरुत्व पाहतो; हातोडा मात्र क्वचितच उचलतो. वस्तुतः रसरत्नसमुच्चयाच्या पाचव्या अध्यायातील अनेक लक्षणे धातू आघाताखाली कसा वागतो यावरच आधारलेली आहेत. नेपाल ताम्र घनाघातक्षम, म्हणजे घणाचे घाव सोसणारे असावे. ग्राह्य पित्तळ ताडनक्षम, अग्राह्य त्याविरुद्ध. मुंड लोहाचे भेद तर या परीक्षेचा उत्तम नमुना होत : मृदु हे न फुटणारे व चिक्कण, कुंठ घावाखाली कष्टाने पसरणारे, आणि कडार घाव बसताच भंगणारे व भंगस्थानी काळे दिसणारे.

आधुनिक धातुशास्त्र हेच वर्तन तीन अवस्थांत मांडते. अल्प बळाने धातू किंचित ताणला जातो व बळ काढताच पूर्ववत होतो. पुढे आकार कायमचा बदलतो. अखेरीस धातू तुटतो. पहिल्या अवस्थेतील ताठरपणा शिशाचा सुमारे १६, सुवर्णाचा ७९, ताम्राचा १२० ते १३० आणि लोहाचा सुमारे २१० गिगापास्कल आहे. मात्र ताठरपणा म्हणजे ठिसूळपणा नव्हे. सुवर्ण, रजत, ताम्र व शिसे यांतील अणूंचे थर अनेक दिशांनी एकमेकांवरून घसरू शकतात, म्हणून हे धातू न फुटता पसरतात. जस्ताची रचना षट्कोनी. त्यात घसरण्याच्या सोप्या दिशा थोड्या. म्हणून ते सामान्य तापमानास तडकते, १०० ते १५० अंश सेल्सिअसला वळते आणि २०० अंशांपुढे पुन्हा ठिसूळ होते.

कंटकवेधी पत्रे करणाऱ्यांना आणखी एक गोष्ट परिचित असेल. ताम्र ठोकता ठोकता कठीण होत जाते. मग ते लालबुंद तापवून पुन्हा मऊ करावे लागते. तापलेले ताम्र द्रवात विझविले तरी मऊच राहते, तीक्ष्ण लोह मात्र पाण्यात विझविल्यास कठीण होते. तेव्हा निर्वापानंतरच्या काठिण्यावरून सर्व धातूंना एकच निकष लावणे आम्हांस योग्य वाटत नाही.

खरी अडचण वंगाची आहे. खुरक वंग मृदु, द्रुतद्राव व निःशब्द सांगितले आहे. शुद्ध कथिलाची कांडी वाकविल्यास करकर असा आवाज येतो. म्हणून येथील निःशब्द म्हणजे ठोकल्यावर न खणखणणारे, असा अर्थ आम्ही घेतो. शिसे वाढले की ही करकर मंदावते, परंतु अल्प शिसे असल्यास कानावर विसंबता येत नाही. मृदुत्वही उपयोगी पडत नाही, कारण शिसे स्वतःच मृदु आहे. द्रुतद्रावत्व तर उलट फसविते : कथील २३२ अंशांना, शिसे ३२७ अंशांना वितळते, पण डाख देण्याच्या मिश्रणासारखे त्यांचे मिश्रण १८३ अंशांनाच वितळू लागते. म्हणजे भेसळीचे वंग या एका लक्षणात अधिक ग्राह्य भासेल!

म्हणून ताम्र, पित्तळ व लोह यांची प्राथमिक निवड हातोड्याने जरूर करावी. कथिलाच्या प्रत्येक खेपेचा नमुना मात्र ढालनापूर्वीच प्रयोगशाळेत शिशासाठी तपासून घ्यावा, आणि अहवाल त्या खेपेच्या नोंदीसोबत जपून ठेवावा.