लहान क्लास आणि आयती प्रश्नपत्रिका

महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावी किंवा शहराच्या उपनगरात चालणारा लहान खाजगी क्लास ही बहुधा एकखांबी व्यवस्था असते. जी व्यक्ती सायंकाळी दहावीच्या बॅचला बीजगणित शिकवते, तीच रात्री चाचणीची प्रश्नपत्रिका काढते, उत्तरपत्रिका तपासते, थकलेल्या फीची आठवण करून देते आणि पालकांच्या फोनलाही उत्तर देते. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाल्यापासून यांतील बरीच कामे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडे सरकू लागली आहेत आणि वाचलेल्या वेळाचे कौतुकही योग्यच आहे. मात्र जेथे शिक्षक आणि विद्यार्थी यांच्या मध्ये तपासणारे तिसरे कोणीच नसते, तेथे साधनाची चूक थेट मुलांच्या वहीत उतरते, याचा विचार क्वचितच होतो.

ही साधने ज्यावर चालतात ते 'भाषा प्रतिमान' म्हणजे प्रचंड मजकुरावरून एका शब्दानंतर किंवा शब्दाच्या तुकड्यानंतर पुढे काय येण्याची शक्यता अधिक, हे शिकलेली संगणकीय रचना होय. संभाव्य मजकूर मांडणे हे तिचे मूळ काम. गणित पडताळून पाहणे ही नंतर जोडलेली क्षमता. अलीकडच्या आवृत्त्या पायरीपायरीने आकडेमोड करतात व त्यामुळे चुका कमी झाल्या आहेत हे मान्य केले, तरी चुका विरळ झाल्या की तपासण्याची सवयही सुटते.

वर्गसमीकरणांच्या प्रकरणातील एक परिचित शाब्दिक उदाहरण येथे उपयोगी पडेल. एकसमान वेगाने ३६० किमी जाणाऱ्या आगगाडीचा वेग ताशी ५ किमीने वाढवला, तर तिला ४८ मिनिटे कमी लागतात. मूळचा वेग किती? यातून मिळणाऱ्या समीकरणाचा विवेचक, म्हणजे मुळांचे स्वरूप ठरवणारी राशी, ९०२५ येतो आणि तो ९५ चा वर्ग असल्यामुळे ताशी ४५ किमी हे उत्तर सरळ निघते. 'याच धर्तीचे नवे उदाहरण द्या' अशा मागणीवर प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आलेल्या एका सराव प्रश्नपत्रिकेत ३६० च्या जागी ४०० आले आणि बाकीचे आकडे तसेच राहिले. आता विवेचक १००२५ होतो, जो कोणत्याही पूर्णांकाचा वर्ग नाही, आणि उत्तर ४७.५६ च्या आसपास रेंगाळते. उत्तरसूचीत मात्र 'ताशी ५० किमी' असे ठामपणे छापलेले होते. ते वरवर पटतेही, कारण ५० च्या वेगाने ४०० किमीला बरोबर आठ तास लागतात, पण ५५ ने भागून पाहिल्यावर फरक ४८ नव्हे, तर सुमारे ४४ मिनिटांचा येतो. अशा प्रश्नाचा फटका कच्च्या मुलाला फारसा बसत नाही, तो प्रश्न सोडून पुढे जातो. फटका बसतो तो बरोबर मांडणी केलेल्या मुलीला, जी स्वतःचीच रीत पुनःपुन्हा खोडत बसते.

म्हणून प्रश्नपत्रिका झेरॉक्सला जाण्यापूर्वी प्रत्येक गणित उत्तरसूची न पाहता कागदावर सोडवणे अपरिहार्य ठरते, आणि वाचलेल्या वेळाचा बराच भाग येथेच परत द्यावा लागतो. त्याहून बरा मार्ग म्हणजे उत्तर आधी ठरवून मग आकडे बसवण्याची जुन्या पेपरसेटरांची रीत: मूळ वेग ५०, वाढ १० आणि अंतर ३०० धरले की फरक बरोबर एक तासाचा येतो, आणि साधनाकडे उरते ते केवळ शब्दांकन. त्या शब्दांकनातही 'अंकगणिती श्रेढी'च्या जागी हिंदी पाठ्यपुस्तकांतील 'समांतर श्रेढी' शिरलेली नाही ना, हे बालभारतीचे पुस्तक शेजारी ठेवून पाहावे. उत्तरपत्रिकांचे फोटो काढून गुणदान करून घेण्याचा मोह तर टाळलेलाच बरा. घाईत लिहिलेले देवनागरी अक्षर नीट वाचले जाईलच असे नाही, आणि उत्तर चुकूनही पायऱ्यांचे गुण किती द्यायचे, हा निर्णय मुलाची वही वर्षभर पाहिलेल्या शिक्षकाचाच असतो.

विद्यार्थ्यांची नावे, गुण आणि पालकांचे मोबाइल क्रमांक असलेली यादी विश्लेषणासाठी जशीच्या तशी मोफत सेवेत टाकणे ही वेगळ्या जातीची जोखीम आहे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ अठरा वर्षांखालील व्यक्तीला बालक मानतो आणि तिची वैयक्तिक माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक ठरवतो. यादीत केवळ हजेरी क्रमांक आणि गुण ठेवले, तरी विश्लेषणाचे काम अडत नाही. जाहिरातीबाबतही सावधगिरी हवी: आकर्षक मजकूर मागितला की साधन 'हमखास यश' लिहून मोकळे होते, तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये जारी केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कोचिंग संस्थांना निकालाची अशी हमी देता येत नाही आणि यशस्वी विद्यार्थ्याचे नाव वा छायाचित्र त्याच्या लेखी संमतीशिवाय वापरता येत नाही.

फीच्या आठवणीचा मसुदा मात्र साधनाकडून निर्धास्तपणे घ्यावा. त्यातील 'प्रिय ग्राहक' काढून मुलाच्या आईचे किंवा वडिलांचे नाव हाताने घालावे, आणि बाकी रक्कम फीच्या वहीतून उतरवून घ्यावी.