खूण आणि भाकर



‘देवाची प्रीती’ हे शब्द आपण प्रार्थनेच्या वेळी नित्य ऐकतो. परंतु ती प्रीती दिसते कोठे, असे कोणी विचारल्यास आपण गोंधळून जातो. तिचा शोध करण्यास फार दूर जावे लागत नाही. कॅथलिक उपासनेतील एकदोन साध्या खुणा आणि पंक्तीस वाढलेले अन्न एवढ्यांतच तिचा ठाव लागतो, हे या पाठात पाहावयाचे आहे.

पहिली खूण क्रुसाची. उजवा हात प्रथम कपाळास, मग छातीस, नंतर डाव्या व शेवटी उजव्या खांद्यास लावावयाचा. बुद्धी, अंतःकरण आणि बाहुबल ही तिन्ही देवाची, असा तिचा भाव आपणांस घेता येईल. इ. स. २०० च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतील कार्थेज नगरीत टर्टुलियन नावाचा ग्रंथकार होऊन गेला. त्याच्या काळचे ख्रिस्ती लोक घरात येता-जाता, जोडा घालताना, दिवे लावताना आणि जेवावयास बसताना कपाळावर क्रुसाची खूण करीत, असे त्याने लिहून ठेविले आहे. म्हणजे ही खूण केवळ देवळातली नव्हे. ती उंबऱ्यावरची आणि चुलीपुढचीही आहे.

दुसरी खूण शांतीची. मिस्साविधीत पवित्र भाकर घेण्यापूर्वी उपासक एकमेकांस शांती चिंतितात. आपल्या देशात हे हात जोडून करतात. भारतीय रीतीचा हा नमस्कार उपासनेत घेण्यास १९६९ साली रोमने मान्यता दिली. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. शेजारी कोण उभे राहील हे आपण ठरवीत नाही. जो असेल त्यास नमस्कार करावयाचा, आणि मगच भाकर घ्यावयास पुढे जावयाचे.

मिस्सेतील ही भाकर कशाची असते? केवळ गव्हाचे पीठ आणि पाणी. तीत मीठही नसते. प्रभू येशूने आपल्या स्मरणार्थ राजवाडा मागितला नाही, जेवण मागितले. अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्य त्याच्याशी कोसभर बोलत चालले, तरी त्यांस ओळख पटली नाही. त्याने भाकर मोडली तेव्हा पटली. उलट करिंथ येथील मंडळी प्रभुभोजनास जमे, तेव्हा काही जण आधीच जेवून तृप्त होत आणि गरीब उपाशी राहात. पौलाने त्यांस स्पष्ट बजाविले की, हे प्रभूचे भोजनच नव्हे. विधी यथासांग झाला तरी पंक्तीत प्रीती नसेल तर तो पोकळ ठरतो, हा यातील बोध होय.

आपल्या भूमीस हा बोध परका नाही. गोदावरीपलीकडे पैठण आहे. तेथील संत एकनाथांनी श्राद्धासाठी केलेले अन्न भुकेल्या अस्पृश्यांस वाढले व त्याबद्दल लोकांचा रोष पत्करिला, अशी कथा आपण घरोघर ऐकतो. आपल्या जिल्ह्यास लागून असलेल्या नगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात लक्ष्मीबाई टिळक राहिल्या. त्यांचे पती रेव्हरंड टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, तरी बाईंनी पुढे कित्येक दिवस सोवळे पाळिले. जातिभेद मनुष्यकृत आहे हे मनास पटले तेव्हा त्यांनी तो सोडिला, आणि नंतर १९०० साली बाप्तिस्मा घेतला. त्यांचा पंथ प्रॉटेस्टंट. पण हा धडा सर्वांचाच आहे. पाण्याचा तांब्या आणि अन्नाचे ताट यांपाशीच त्यांच्या मनाची खरी परीक्षा झाली.

आता आपल्या शाळेकडे वळू. दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडीस जातात. कोयता घेऊन आईबाप फडात, आणि लेकरू गावी आजीपाशी! एकदा वनभोजनाच्या वेळी मी डोळे मिटून, क्रुसाची खूण करून, अन्नाबद्दल आभार मानिले. डोळे उघडून पाहतो तो असा एक मुलगा लिंबाच्या झाडाआड पाठ फिरवून बसलेला. डब्यात कोरडी बाजरीची भाकर आणि ठेचा. तो कोणास दिसू नये, एवढीच त्याची धडपड. माझी प्रार्थना पूर्ण झाली होती, पण पंक्ती अपुरी होती, आणि हे माझ्या ध्यानातही आले नव्हते. तेवढ्यात वर्गातील एक मुलगी उठली व म्हणाली, “अरे, मला ठेचा दे की! माझी भाजी अळणी झाली आहे.” तो लाजला, पण पंक्तीत आला. तिने त्याच्यावर उपकार केला नाही. त्याच्याकडून मागून घेतले. त्या दिवशी शिक्षक ती होती आणि विद्यार्थी मी.

मुलांनो, उद्या मधल्या सुट्टीत डबा उघडण्यापूर्वी तुमच्या धर्माप्रमाणे देवाचे नाव अवश्य घ्या. मात्र डोळे उघडल्यावर आधी आपल्या पंक्तीत कोण नाही ते पाहा. पालकांनो, डब्यात एखादी भाकर अधिक घालता आली तर घाला. न आली तरी हरकत नाही, आहे तीच मोडून देण्यास लेकरांस शिकवा. तेवढी सद्बुद्धी परमेश्वर आपणां सर्वांस देवो.