कोर्टात मुलाच्या सोबतीला कोण?

प्रश्न : माझी भाची अमेरिकेत असते. घरात छळ झालेली एक मुलगी तिथे दुसऱ्या कुटुंबात राहते. भाची तिला नेमाने भेटते आणि तिच्याबद्दल न्यायाधीशांना अहवाल देते. ती वकील नाही, पगारही घेत नाही. आपल्याकडे असं काही आहे का? मी पदवीधर, निवृत्त शिक्षिका आहे. मला हे काम करता येईल का?
– एक वाचक, संतोषनगर, कात्रज

उत्तर : हो, करता येईल, फक्त आपल्याकडे त्याचं रूप थोडं वेगळं आहे.

भाचीच्या कामाला तिकडे 'कासा' म्हणतात. 1977 मध्ये सिएटलचे न्यायाधीश डेव्हिड सूकप यांनी ते सुरू केलं. मूल घरी पाठवायचं की नाही, हे त्यांना ठरवावं लागे आणि हातातली माहिती अपुरी वाटे. आईवडिलांची बाजू मांडली जायची, सरकारी खात्याचीही. फक्त मुलाचं म्हणून बघणारं कुणी नसायचं. म्हणून त्यांनी साध्या नागरिकांना प्रशिक्षण देऊन एकेका मुलामागे उभं केलं.

आपल्या कायद्यात हुबेहूब असं पद नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार घरात छळ झालेलं मूल 24 तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे आणावं लागतं. अध्यक्ष आणि चार सदस्यांच्या या समितीला दंडाधिकाऱ्यांचे अधिकार आहेत. मुलाच्या घरची परिस्थिती पाहून 15 दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. तो समाजसेवक किंवा बाल कल्याण अधिकारी लिहितात. मग समिती ठरवते: मूल घरी जाईल, नातेवाइकांकडे, बालगृहात की दुसऱ्या, म्हणजे प्रतिपालक कुटुंबात. आपल्याकडे प्रतिपालक कुटुंबं अजून फार थोडी आहेत.

तुमच्या भाचीच्या कामाशी सर्वांत जवळचं नातं 'सपोर्ट पर्सन'चं. लैंगिक अत्याचाराच्या, म्हणजे पॉक्सोच्या प्रकरणांत बाल कल्याण समिती मुलाच्या आणि पालकांच्या संमतीने ही व्यक्ती नेमते. तपासापासून खटला संपेपर्यंत ती मुलासोबत राहते, पुढे काय होणार ते त्याला समजावते आणि दर महिन्याला समितीला अहवाल देते. अशी मदत प्रत्येक मुलापर्यंत पोहोचावी, यासाठी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही निर्देश दिले.

हे काम बाहेरून किरकोळ दिसतं. साक्षीआधी मुलाला रिकामं कोर्ट दाखवून आणायचं: न्यायाधीश इथे बसतील, तू इथे, मी इथे, पाणी इकडे, बाथरूम तिकडे. आठ वर्षांच्या मुलीला सर्वांत मोठी भीती असते ती 'तो' समोर दिसेल याची. साक्ष देताना आरोपी तिच्या नजरेसमोर येऊ नये, वकिलांनी तिला थेट प्रश्न न विचारता ते न्यायाधीशांमार्फत विचारावेत, असं कायदाच सांगतो. पण हे तिला तिच्या भाषेत आधी कुणी सांगितलं नाही, तर कायदा पुस्तकातच राहतो. "मी एकदा सांगितलं ना, मग परत का?" या तिच्या प्रश्नाला शांतपणे उत्तर द्यायलाही माणूस लागतो.

आता तुमच्याबद्दल. सपोर्ट पर्सनची यादी जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे असते. पुणे जिल्ह्याच्या कक्षात चौकशी करा. समाजकार्य किंवा मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी नसली, तरी पदवीधराला मुलांच्या शिक्षणातला तीन वर्षांचा अनुभव पुरतो. तुमची नोकरी इथे कामाला येईल. या कामाला मानधनाची तरतूदही आहे.

दोन पथ्यं मात्र कडक आहेत. काय बोलायचं ते मुलाला कधीही पढवायचं नाही. आणि त्याचं नाव, शाळा, पत्ता घरातसुद्धा उच्चारायचा नाही. ओळख जाहीर करणं गुन्हा आहे. कक्षाचं उत्तर येईपर्यंतही एक गोष्ट तुमच्या हातात आहे: आसपास एखाद्या मुलाचे हाल दिसले, तर 1098 वर फोन करा.

कात्रजहून बसने स्वारगेट, तिथून मेट्रोने जिल्हा न्यायालय. प्रवास सोपा आहे. अवघड असतात त्या पुढे ढकललेल्या तारखा. तोवर पोलीस बदलतात, वकील बदलतात, कधी न्यायाधीशही. तेव्हा नाव देण्याआधी स्वतःला एवढंच विचारा: खटला कितीही लांबला, तरी प्रत्येक तारखेला मुलाला माझाच चेहरा दिसेल ना? उत्तर 'हो' असेल, तर जरूर जा.