यंत्र आपले, गेम कुणाचा?

प्रश्न : मुलाच्या निन्टेन्डो स्विचमध्ये मॉडचिप बसवली की सगळे गेम फुकट चालतील, असे दुरुस्तीवाला सांगतो. यंत्र विकत घेतलेले असताना त्यात बदल करणे गुन्हा कसा?
– एक पालक, सातारा

उत्तर : यंत्राची मालकी आपली असली, तरी गेमचा कॉपीराइट निर्मात्याकडेच राहतो. कन्सोल सुरू होताना होणारी अधिकृततेची पडताळणी चुकवण्यासाठी प्रोसेसरजवळ डाग देऊन जोडलेली चिप म्हणजे मॉडचिप. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली आलेल्या कलम ६५ ए नुसार हक्कभंगाच्या हेतूने असे संरक्षण भेदल्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो; मात्र कायद्याने मनाई न केलेल्या हेतूंना तेच कलम सूट देते, त्यामुळे बॅटरी वा जॉयस्टिक बदलण्यासाठी यंत्र उघडणे हा गुन्हा नव्हे. डाग देताना बोर्ड जळण्याचा धोका असतो आणि कंपनीच्या लक्षात आल्यास त्या कन्सोलची ऑनलाइन सेवा कायमची बंद होऊ शकते. खर्चच वाचवायचा असेल, तर वापरलेली मूळ गेम-कार्डे घेऊन नंतर विकता येतात, शिवाय अधिकृत मोफत गेमही उपलब्ध आहेत. चिप अद्याप बसवलेली नसल्याने काळजीचे कारण नाही. दुरुस्तीवाल्याला स्पष्ट नकार द्यावा.