ब्रेकची तक्रार पुन्हा पुन्हा : जुनी गाडी ठेवावी की बदलावी?

घरात सेकंड हँड मोटार आली की आपण पेट्रोलचा खर्च धरतो, विमा धरतो. दुरुस्ती मात्र वहीत लिहायची राहून जाते. त्यातही ब्रेकचा खर्च फसवा. तो एकदम येत नाही, हजार-दोन हजारांच्या तुकड्यांनी येतो, आणि दर वेळी ‘आता झालं एकदाचं’ असं वाटतं. चौथ्या-पाचव्या वेळी घरात वाद सुरू होतो, ‘या डबड्यावर आणखी किती घालायचे? काढून टाका आणि दुसरी घ्या.’ हा वाद कागदावर कसा सोडवायचा ते या पाठात पाहू. रकमा उदाहरणासाठी घेतल्या आहेत. त्या जागी तुमच्या गाडीच्या रकमा घालून हाच हिशेब तुम्हाला करता येईल.

आपले कुटुंब जयपूरच्या झोटवाड्यात राहते असे धरू. विटा, खानापूर, आटपाडी या भागातली पुष्कळ घरे सोन्या-चांदीच्या गलाईसाठी देशभरच्या सराफ पेठांत जाऊन स्थिरावली आहेत. हे त्यांपैकीच एक. रोज झोटवाड्याहून जौहरी बाजारापर्यंत जा-ये आणि वर्षातून एकदा, कधी दोनदा, गाडीनेच गावी. गाडी १००० सीसीच्या आतली, पेट्रोलवर चालणारी, १२ वर्षांची. आज विकली तर १ लाख रुपये येतील.

गेल्या १४ महिन्यांत ती ब्रेकसाठी चार वेळा गॅरेजला गेली. पुढचे पॅड बदलले, २,००० रुपये. सहा महिन्यांत डाव्या बाजूचे पुन्हा झिजले, आणखी २,०००. मग पेडल थरथरते म्हणून डिस्क लेथवर घासून आणल्या आणि मागचे लायनर बदलले, ३,२००. शेवटी तिसऱ्यांदा पॅड, २,०००. एकूण ९,२०० रुपये, आणि ब्रेक मारला की गाडी अजूनही डावीकडे ओढते.

हिशेबाला बसण्याआधी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, कारण तिच्यावरच पुढचे आकडे उभे आहेत. पॅड हा झिजण्यासाठीच बसवलेला भाग आहे; तो बदलणे ही देखभाल झाली. शहरात बेताने चालवणाऱ्याचे पॅड सर्वसाधारणपणे ३० ते ५० हजार किलोमीटर जातात. एकाच चाकाचे पॅड सात-आठ हजारांत संपत असतील, तर ते पॅड काहीतरी खात आहे. बहुतेक वेळा कॅलिपरच्या सरकत्या पिना किंवा त्यातला पिस्टन अडकलेला असतो. त्यांच्यावरचे रबरी बूट फाटले की धूळ आणि ओल आत जाते, आणि जयपूरकडे धुळीची कमी नाही. ब्रेक सोडला तरी पॅड डिस्कला घासत राहतो, डिस्क तापते, कालांतराने तिची जाडी असमान होते आणि पेडल थरथरू लागते. म्हणजे चार बिले वेगवेगळी दिसली तरी दुखणे एकच होते.

इतर खुणाही मालकाला स्वतःला ओळखता येतात. पेडल दाबून धरले आणि ते हळूहळू खाली बसत गेले, तर संशय मास्टर सिलिंडरवर. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली तर व्हील सिलिंडर गळतो आहे. पेडल दगडासारखे कडक झाले तर बूस्टर किंवा त्याची व्हॅक्यूमची नळी पाहायची. गाडी एका बाजूला ओढते ती कॅलिपरमुळे, नाहीतर आतून सुजलेल्या रबरी होजमुळे. मिस्त्रीला ‘ब्रेक बघा’ एवढेच सांगितले तर तो पॅड बघणार. खूण सांगितली तर कारण शोधणार.

ब्रेक ऑईलबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण सगळ्यात स्वस्त काम हेच आणि सगळ्यात जास्त राहूनही हेच जाते. हे तेल हवेतली ओल शोषून घेते. डॉट ४ जातीचे नवे तेल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओल शिरलेल्या तेलासाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. लांब उतारावर सतत ब्रेक दाबत आले की उष्णता तेलापर्यंत पोचते, तेल उकळते, वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, पण चाकापर्यंत जोर पोचत नाही. पेडल तळाला टेकते. आपले कुटुंब गावाहून मुंबईमार्गे परतते तेव्हा बोर घाटाचा उतार लागतो. झोटवाड्याच्या सपाट रस्त्यावर ब्रेक लागतो म्हणून तो भरल्या गाडीने बोर घाटात लागेलच असे धरून चालू नका. साधारण दोन वर्षांनी, किंवा गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या मुदतीत, तेल बदलायला हजार रुपयांच्या आत-बाहेर खर्च येतो.

आता पैशांकडे वळू. या खेपेस मिस्त्रीने कारण शोधले आणि संपूर्ण कामाचा अंदाज दिला. पुढचे दोन्ही कॅलिपर, दोन्ही डिस्क, पॅड, रबरी होज, मास्टर सिलिंडर आणि नवे तेल, मजुरीसह १७,००० रुपये. घरचा हिशेब लगेच असा होतो : आधीचे ९,२०० आणि हे १७,०००, म्हणजे २६,२००. एक लाखाच्या गाडीवर पाव लाखाहून अधिक!

या बेरजेत ९,२०० कुठून आले? ते खर्च होऊन गेले आहेत. गाडी ठेवली तरी ते परत येणार नाहीत आणि विकली तरी येणार नाहीत, म्हणून निर्णयाच्या कागदावर त्यांना जागा नाही. दुसरी चूक दुरुस्तीची तुलना गाडीच्या बाजारभावाशी करण्याची. तुलना करायची ती पुढचे एक वर्ष या गाडीत काढण्याचा खर्च आणि तेच वर्ष दुसऱ्या गाडीत काढण्याचा खर्च, या दोहोंची.

गाडी ठेवली तर : ब्रेकचे काम १७,०००, बाकीची देखभाल १२,०००, वर्षभरात गाडीची किंमत आणखी १५,००० ने उतरेल, आणि तृतीय पक्ष विमा. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरानुसार १००० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीचा हा हप्ता २,०९४ रुपये, जीएसटी धरून सुमारे २,५००. एकूण ४६,५००.

बदलली तर : ४ लाखांची सहा वर्षांची गाडी घेतली. जुनीचे १ लाख आले, उरलेल्या ३ लाखांचे कर्ज ४८ महिन्यांसाठी. जुन्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर नव्या गाडीच्या कर्जापेक्षा सहसा जास्त असतो. इथे १४ टक्के धरला. हप्ता ८,१९८ रुपये. चार वर्षांत ३ लाखांचे सुमारे ३ लाख ९३ हजार फिटतात. पहिल्या वर्षाचे व्याज सुमारे ३८,०००. गाडीची उतरलेली किंमत ६०,०००. नाव बदलणे, पहिली सर्व्हिस, टायर वगैरे १२,०००. संपूर्ण विमा ९,०००. एकूण १,१९,०००.

फरक ७२,५०० रुपयांचा. म्हणजे ब्रेक नीट केल्यावर त्याच वर्षी क्लच गेला आणि एसीचा कॉम्प्रेसरही गेला, तरी जुनी गाडीच स्वस्त पडते. हातातून प्रत्यक्ष बाहेर जाणारे पैसे पाहिले तर अंतर आणखी वाढते : एकीकडे ३१,५००, दुसरीकडे सुमारे १,१९,४००. महिन्याला ७,३०० रुपयांचा फरक.

हा फरक वाचला म्हणून इकडे-तिकडे खर्च झाला, तर हिशेबाचा उपयोग शून्य. त्यातले ५,००० दरमहा बँकेच्या तीन वर्षांच्या आवर्ती ठेवीत टाका, बाकीचे दुरुस्तीसाठी बचत खात्यात राहू द्या. साडेसहा टक्के व्याज धरले तर ३६ महिन्यांनी सुमारे १ लाख ९९ हजार होतात. (पोस्टाची आवर्ती ठेव पाच वर्षांची असते; तीन वर्षांनी मोडता येते, पण मग व्याज बचत खात्याच्या दराने मिळते. तीन वर्षांच्या बेतासाठी बँक बरी.) तेव्हा जुनीचे ६०,००० आले असे समजा. तीच ४ लाखांची गाडी घ्यायला कर्ज लागेल १ लाख ४१ हजारांचे, आणि हप्ता ८,१९८ ऐवजी ३,८५० च्या आसपास.

मुदत तीन वर्षांचीच का? खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर गाडीची तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांसाठी वाढते. १ एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले आहे. गाडी १४ वर्षांची असताना कोणी १७,००० च्या ब्रेकचा अंदाज दिला असता, तर वरचा हिशेब इतका सरळ राहिला नसता.

काही गाड्यांच्या बाबतीत मात्र कागद-पेन्सिल घेण्याचीही गरज नाही, त्या काढाव्यात. समुद्रकाठच्या गावात आयुष्य काढलेल्या गाडीच्या ब्रेकच्या लोखंडी नळ्या आणि खालचा पत्रा गंजलेला असेल, तर एक नळी बदलून दुसरी फुटण्याची वाट पाहावी लागते. एबीएसचे युनिटच गेले असेल, तर त्या एका भागाची किंमत ऐकून मगच पुढे जा. शेवरोलेने २०१७ अखेर आणि फोर्डने २०२१ मध्ये इथला विक्रीचा गाशा गुंडाळला. अशा गाडीचा हवा तो भाग किती दिवसांत मिळतो, हे काम खोलण्याआधी विचारावे. आणि दोन चांगल्या मिस्त्रींना कारण सापडत नसेल, तर त्या गाडीतून मुलाबाळांना घेऊन घाट उतरण्याची किंमत कुठल्याही रकान्यात मांडता येत नाही.

दुरुस्तीच करायची ठरली तर बिल घ्या. त्यावर किलोमीटरचा आकडा आणि बदललेला भाग लिहून घ्या. जुने भाग परत मागा, चांगला मिस्त्री त्याचा राग मानत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या सुट्या भागांवरचा जीएसटी सरसकट १८ टक्के झाला, आधी बहुतेकांवर २८ होता. त्याआधीचे एस्टिमेट खिशात असेल तर नवे करून घ्या. छोट्या नव्या गाड्यांवरचा करही त्याच दिवशी १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे जुन्या गाडीचा आधी ऐकलेला भावही पुन्हा विचारावा. पैसे घेऊन काम तसेच ठेवले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते, पण हातात बिल हवे.

ब्रेक झिजले म्हणून विमा कंपनी पैसे देत नाही. झीज आणि यांत्रिक बिघाड पॉलिसीच्या बाहेर असतात. उलट वाहन चालू स्थितीत ठेवण्याची अट पॉलिसीत असते. दोष माहीत असूनही गाडी रस्त्यावर आणली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली गुन्हा होतो. ‘पगार झाला की करू’ असे म्हणायचे असेल, तर तोवर गाडी दारात उभी राहू द्या आणि बसने जा.

बदलायचीच झाली, तर जयपूरच्या बाजारात एक मोह ठरलेला आहे, दिल्लीकडची स्वस्त गाडी. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर बंदी आली, सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये ती उचलून धरली. पुढे त्यात बदल होत गेले, पण त्या भीतीने तिकडचे मालक ना-हरकत दाखला घेऊन गाड्या बाहेर विकतात. जयपूर त्या क्षेत्रात येत नाही, म्हणून इथे त्या चालतात. भाव ऐकताना राजस्थानातली नोंदणी आणि कर त्यात मिळवा. आणि एप्रिल २०१९ नंतरची मोटार परवडत असेल तर तिच्याकडे आधी बघा. तेव्हापासून सगळ्या नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे आहे.

जुनी गाडी देताना फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून थांबू नका, नाव बदलल्याचे पाहा. नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच मालक धरला जाईल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या एका निकालात म्हटले आहे. गाडी विकल्यावर झालेल्या अपघाताची भरपाई जुन्या मालकाच्या गळ्यात पडू शकते. ब्रेकचा दोष घेणाऱ्याला लेखी कळवा, प्रत स्वतःजवळ ठेवा. विम्यातला ‘नो क्लेम बोनस’ गाडीचा नसतो, तुमचा असतो. तो नव्या गाडीवर घेता येतो आणि ५० टक्क्यांपर्यंत असू शकतो. गाडी कोणी घेतच नसेल तर नोंदणीकृत भंगार केंद्रात द्या. तिथल्या ठेव प्रमाणपत्रावर नव्या खासगी गाडीच्या रस्ता करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद आहे.

करून पाहा : गेल्या दोन वर्षांची ब्रेकची सगळी बिले काढा. वहीत चार रकाने आखा, तारीख, किलोमीटर, कोणते चाक, कोणता भाग. एकच चाक दोनदा आले असेल तर त्याखाली रेघ मारा आणि वही घेऊनच गॅरेजला जा. मग पुढच्या पानावर वरचे दोन हिशेब स्वतःच्या आकड्यांनी मांडा. गाडीच्या नोंदणीची शेवटची तारीख पानाच्या डोक्यावर लिहा.