मेल आवळण्याआधी

कळंबच्या मोंढ्यात सोयाबीनची आवक वाढली की काटापट्ट्यांचे फोटो मेलवर येऊन आदळतात. मी सांभाळतो त्या पेढीच्या डव्हकॉट मेल सर्व्हरची डिस्क अशीच भरत आली, तेव्हा आधीच्या एजन्सीने चालू मेलडिरमध्ये शिरून जुन्या फाईली जीझिपने आवळून टाकल्या. निस्तरायला मी. मुनीमजींनी मोबाईल पुढे केला. चार हंगामांची पत्रं, सगळ्यांवर तारीख एकच. "आता गेल्या साली कुणाचं बिल कधी आलं, हे सांगायचं कसं?"

मेलडिरमध्ये प्रत्येक पत्राची वेगळी फाईल असते आणि पत्र आल्याची तारीख म्हणजे त्या फाईलवरची वेळ. आवळलेली प्रत नवी, म्हणून वेळही नवी. ती मूळ फाईलवरून उतरवून घ्यावीच लागते. फाईलच्या नावात 'एस=' पुढे मूळ आकार असतो, तोही तसाच राहू द्या; आवळल्यानंतरचा आकार धरला गेला तर डव्हकॉट आकार जुळत नाही म्हणून कुरकुरतो आणि पत्र अर्धवट उघडतं. नावामागे 'डॉट जीझेड' चिकटवू नका. फाईल आवळलेली आहे हे डव्हकॉट आतल्या मजकुरावरून ओळखतो.

खरी गोची अदलाबदलीच्या क्षणी होते. तुम्ही प्रत तयार करत असताना कुणी ते पत्र वाचलं, तर नावातली खूण बदलते आणि एकाची दोन पत्रं होतात. म्हणून प्रत त्याच डिस्कवरच्या 'टीएमपी' फोल्डरात बनवा, डव्हकॉटच्या मेलडिरलॉकने कुलूप लावा, मूळ फाईल त्याच नावाने आहे का बघा, मगच जागा बदला.

माझं मत विचाराल तर जुन्याला हात उशिरा लावा. आधी डव्हकॉटला नवी पत्रं आवळूनच साठवायला सांगा: डव्हकॉट 2.3 पर्यंत झेडलिब प्लगइन, 2.4 पासून मेल-कॉम्प्रेस. आयमॅप, पॉप3 आणि पत्र पोचवणारा प्रोग्राम, तिन्हींना ते हवं. आयमॅप किंवा पॉप3 ला राहिलं तर तिथे नुसती अगम्य अक्षरं दिसतात. झेडएफएस फाईल सिस्टिमवर सर्व्हर असेल तर त्याचंच कॉम्प्रेशन चालू करा, यातली बरीच डोकेदुखी वाचते. मात्र तेही नव्याने लिहिलेल्या फाईलींनाच लागू होतं.

फायदा किती? साधा मजकूर चांगलाच आवळतो. फोटो मुळातच आवळलेले. मेलमधून जाताना बेस64 मुळे ते एक तृतीयांशाने फुगतात, तेवढीच सूज उतरते. आणि जुनं आवळायचंच असेल तर हंगाम सरल्यावर. कारण दुसऱ्या दिवशीच्या बॅकअपला प्रत्येक फाईल बदललेली दिसते आणि अख्खी मेल पुन्हा लाईनवरून जाते.