मेहकर ते पंढरपूर : एका पायी प्रवासाचा आराखडा

भूगोलाच्या सरांनी यंदा द्वितीय वर्षाच्या वर्गाला एक काम दिले होते. प्रत्येकाने आठ दिवसांहून मोठ्या एका प्रवासाचा आराखडा करायचा. रस्ता, अंतर, मुक्काम, सामान, खर्च, हवामान, सगळे लिहून काढायचे. वर्गातल्या मित्रांनी काश्मीर घेतले, राजस्थान घेतले, दोघांनी कोकणातून गोव्यापर्यंत मोटारसायकलचा प्रवास घेतला. मी मात्र अडलो. मी समुद्र पाहिलेला नाही आणि आमच्या घरात सहल म्हणून कोणी कुठे गेल्याचेही आठवत नाही. घरी हे सांगितले तेव्हा माय भाकरी थापता थापता म्हणाली, "आपल्या गावची दिंडी वीस दिस चालते. थे काय प्रवास नाई?"

त्या एका वाक्यावर हा लेख उभा आहे.

मेहकर तालुक्यातल्या आमच्या गावाहून दर आषाढीला चाळीस-बेचाळीस माणसांची लहान दिंडी पंढरपूरला पायी जाते. आमच्या जिल्ह्यात पायी वारी म्हटले की प्रथम डोळ्यांपुढे येते ती शेगावच्या श्रीगजानन महाराजांची पालखी. १९६८ पासून ती जाते. २०२० आणि २०२१ ही साथीची दोन वर्षे तेवढा खंड पडला. सुमारे सातशे वारकरी अकोला, परभणी, परळी, तुळजापूर, सोलापूर असा मोठा वळसा घेत महिनाभर चालतात. २०२४ साली १३ जूनला शेगावहून निघालेली पालखी १५ जुलैला पंढरपुरात पोचली, म्हणजे तेहेतीस दिवस. परतताना मात्र ती बार्शी, बीड, जालना, सिंदखेडराजा, मेहकर अशी येते. आमची दिंडी जाताना हाच रस्ता उलट्या दिशेने धरते. लहान दिंडीला महिनाभर घर सोडणे परवडत नाही.

नकाशावर दोरा ठेवून मी अंतर मोजले. मेहकर, सुलतानपूर, बिबी, दुसरबीड, सिंदखेडराजा, जालना, अंबड, वडीगोद्री, शहागडला गोदावरी, पुढे गेवराई, बीड, मांजरसुंबा, चौसाळा, येरमाळा, बार्शी, कुर्डुवाडी आणि पंढरपूर. दोरा साधारण पावणेचारशे किलोमीटर भरला. वीस दिवस धरले की रोजचे पावणेएकोणीस किलोमीटर. मी वहीत वीस सारखे भाग पाडले, प्रत्येक भागापुढे मुक्काम लिहिला आणि मोठ्या ऐटीत दिंडीच्या विणेकरी आजोबांकडे गेलो.

आजोबांचे वय पंचाहत्तरीच्या पुढे. शाळा चौथीपर्यंत. त्यांनी मला सगळे मोठ्याने वाचायला लावले. सहाव्या मुक्कामाशी मी आलो तेव्हा त्यांनी हात वर केला. "तेथी काय हाये?" मी नकाशा पाहिला. अंबडच्या अलीकडे तीन-चार किलोमीटरवर माझा मुक्काम पडला होता, आणि तिथे काहीच नव्हते. उघडा माळ. "कागदावर पाय दुखत नाई बापा," आजोबा म्हणाले आणि हसले.

मग त्यांनी जे सांगितले ते मी लिहून घेतले. पहिले तीन दिवस बारा ते पंधरा किलोमीटरच चालायचे, कारण पायाला फोड येतात ते याच दिवसांत. पहिल्या दिवशी हौसेने पंचवीस चाललेला माणूस चौथ्या दिवशी सामानाच्या गाडीत बसतो आणि मग पंढरपूरपर्यंत गाडीतच राहतो. वाटेत ज्येष्ठ वद्य एकादशी येते. त्या दिवशी माणसे उपाशी किंवा भगर-साबुदाण्यावर, म्हणून मजल छोटी. बीड सोडले की मांजरसुंब्याचा घाट चढून बालाघाटाच्या पठारावर जायचे असते, म्हणून आदला मुक्काम बीडच्या शक्य तितका पुढे आणि निघणे पहाटे चारला. मुक्कामाला तीन गोष्टी हव्यात: पाणी, पाऊस आला तर डोक्यावर छप्पर (म्हणजे देऊळ किंवा शाळेचा व्हरांडा) आणि ओळखीचे एक तरी घर. ही तिन्ही जिथे आहेत तिथे थांबायचे, मग ते चौदा किलोमीटरवर असो की सव्वीसवर. समान भाग पाडणे हे गणित झाले. प्रवासाचे नियोजन नव्हे, हे मला तेव्हा कळले.

चौथी गोष्ट मायने घातली. मी मुक्कामाची यादी वाचत होतो, तिने विचारले, "अन् बायांचं काय?" दिंडीत पंधरा-सोळा बाया असतात. त्यांची अंघोळ, त्यांचे शौचाला जाणे, याचा माझ्या आराखड्यात एक शब्द नव्हता. विणेकरी आजोबांच्याही बोलण्यात नव्हता. आळंदी-देहूच्या मोठ्या पालख्यांच्या वाटेवर अलीकडे फिरती शौचालये उभी करतात. आमच्यासारख्या चाळीस माणसांच्या दिंडीसाठी कोण करणार? माय दोनदा जाऊन आली आहे. तिने सांगितले की बाया तीनला उठतात, अंधार आहे तोवर, आणि दिवसभर पाणी कमी पितात. उन्हातान्हात वीस किलोमीटर चालणारे माणूस पाणी कमी पिते, आणि त्याचे कारण हे! मी मुक्कामांची यादी पुन्हा पाहिली आणि सात ठिकाणी देवळाऐवजी शाळा धरली. शाळेत निदान शौचालय असते, मुख्याध्यापकांना आधी पत्र दिले तर किल्ली मिळते. ही सात पत्रे मीच लिहिणार आहे.

सामानाचे प्रकरण त्यामानाने सोपे. दिंडीबरोबर एक ४०७ असते. चाळीस माणसांना दोन वेळचे माणशी चारशे ग्रॅम पीठ धरले तर रोज सोळा किलो, वीस दिवसांचे तीनशे वीस. पण वाटेतली गावे पंगत देतात. आजोबांच्या अनुभवाने सात-आठ दिवस तरी चूल पेटवावी लागत नाही. म्हणून दोनशे किलो पुरे. डाळ, तेल, मिरची, दोन मोठी पातेली, पाण्याचे दोन ड्रम, ताडपत्र्या, पहाटेच्या अंधारात पुढे-मागे धरायला दिवे आणि पाठीला लावायच्या चकाकत्या पट्ट्या. शहागडपासून येरमाळ्यापर्यंत धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्ग आहे, वाहने वाऱ्यासारखी जातात. (समृद्धी महामार्ग आमच्या मेहकरजवळूनच गेला आहे. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, पण तो मोटारींचा. दिंडीने तो ओलांडायचा एवढेच.)

सामानात खरे नाजूक एकच, मृदंग. आता येथे थोडे घरचे सांगावे लागेल. माझे बाबा दिंडीचे मृदंगी होते. होते असे लिहितो, कारण गेली चार वर्षे ते गेलेले नाहीत. मृदंग आजोबांनी, म्हणजे बाबांच्या वडिलांनी घेतलेला. एका अखंड लाकडाचे खोड, दोन्ही तोंडांना कातडे. उजव्या तोंडाला शाई कायमची असते. डाव्या तोंडाला मात्र प्रत्येक वेळी वाजवण्याआधी ओली कणीक लावायची आणि झाल्यावर खरवडून काढायची. राहिली तर ती वाळून तडकते, कातडे खराब होते आणि उंदीरही येतात. पावसाळ्याच्या दमट हवेत कातडे सैल पडून स्वर उतरतो. मग वाद्यांखालचे लाकडी गट्टे ठोकून तो चढवायचा. ऊन पडले की तेच कातडे ताणते, म्हणून पुन्हा उतरवायचा. भिजलेले कातडे विस्तवापाशी घाईने वाळवू नये. प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून दिवसभर गाडीत ठेवू नये, आत घाम सुटतो. आधी सुती कापड, त्यावर घोंगडी, आणि प्लॅस्टिक फक्त सर येईल तेवढ्यापुरते. आणि गाडीत टाकायचा नाहीच. गळ्यात चालवायचा, दोघांनी आळीपाळीने. वीणा जशी खाली ठेवत नाहीत, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, तसेच. बाबांनी हे मला एका संध्याकाळी सलग तासभर सांगितले. एरवी ते दिवसाला दहा वाक्ये बोलतात.

मी विचारले, "मग तुम्ही जात का नाही?" ते म्हणाले, "पेरणी."

आमची साडेतीन एकर कोरडवाहू. सोयाबीन आणि तुरीची ओळ. आमच्याकडे जूनच्या मध्यावर पाऊस येतो. ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नये असे कृषी खाते सांगते, आणि ते ऐकले नाही की दुबार पेरणीचे संकट. वारी नेमकी याच दिवसांत. पण 'याच दिवसांत' म्हणजे नक्की कधी, हे मी पंचांग आणि कॅलेंडर शेजारी ठेवून पाहिले, आणि माझ्या मते या अभ्यासात मला सापडलेली मोलाची गोष्ट तीच आहे.

चांद्रवर्ष ३५४ दिवसांचे. म्हणून आषाढी एकादशी दरसाल इंग्रजी तारखेत सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकते. साधारण बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी अधिक महिना येतो आणि तिला पुन्हा पुढे ढकलतो. पाऊस मात्र सूर्याच्या हिशोबाने येतो, त्याला तिथी ठाऊक नाही. २०२३ मध्ये एकादशी २९ जूनला होती. दशमीला पोचायचे तर वीस दिवसांच्या दिंडीने ९ जूनला निघायला हवे, म्हणजे पेरणीच्या आधी. त्या वर्षी पाऊस लांबला, राज्यभर पोचायला २५ जून उजाडला. बाबा पेरणीसाठी थांबले आणि पंधरा दिवस आभाळाकडे पाहत बसले. आमची तिफण चालली तेव्हा दिंडी पंढरपुरात होती. २०२४ साली एकादशी १७ जुलैला, निघणे २७ जूनला. पेरणी नुकतीच झालेली, पण उगवण दिसल्याशिवाय शेतकरी हलत नाही. २०२५ साली ६ जुलैला, निघणे १६ जूनला, ऐन पेरणी.

यंदा, २०२६ साली, अधिक ज्येष्ठ आहे. १७ मे ते १५ जून. त्यामुळे एकादशी थेट २५ जुलैला जाते आणि दिंडी निघते ५ जुलैला. पाऊस वेळेवर आला तर जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पेरणी होऊन निघण्याआधी ओळी दिसू लागतील. पुढच्या वर्षी एकादशी पुन्हा अकरा दिवस मागे सरकणार. म्हणजे बाबांना जाता येईल अशी सवड यंदाच आहे. त्यांच्या गुडघ्यांकडे पाहिले तर पुढच्या सवडीची वाट पाहण्यात अर्थ नाही.

एका मित्राने विचारले, एवढा खटाटोप कशाला? आषाढीला खामगावहून पंढरपूरची खास रेल्वे असते, एस.टी.च्या जादा गाड्या असतात. प्रश्न रास्त आहे. रेल्वेने वारी ही काही नवी गोष्टही नाही. बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद फाटा १९०६ साली पंढरपूरला पोचला, तेव्हापासून लोक आगगाडीने जात आहेत. मी हा प्रश्न बाबांना विचारला. ते म्हणाले, "गाडीत मृदंग वाजोता येत नाई." मला वाटते त्यांनी पूर्ण उत्तर दिले.

राहता राहिली डवरणी. ५ जुलैला बाबा निघाले तर पहिली डवरणी त्यांच्या मागे येते, निंदण येते, फवारणी येते. मजूर लावायचा तर वीस दिवसांच्या मजुरीत वारीचा खर्च दोनदा निघेल. आराखड्यातला हा रकाना मी बरेच दिवस कोरा ठेवला होता. शेवटी त्यात माझे नाव लिहिले. याचा अर्थ असा की ज्या प्रवासाचा मी एवढा अभ्यास केला, ज्याचे सतरा-अठरा मुक्काम मला आता तोंडपाठ आहेत, तो मी यंदा करणार नाही. गोदावरीचा पूल मी पाहणार नाही. याचे वाईट वाटले नाही असे लिहिले तर ते खोटे होईल.

वही घरी वाचून दाखवली तेव्हा बाबा काही बोलले नाहीत. सामानाची यादी तेवढी दुसऱ्यांदा वाचायला सांगितली. पीठ दोनशे किलो, डाळ, तेल. "त्यात मृदंगाची कणीक धरली का?" त्यांनी विचारले. धरली नव्हती. रोज एक मूठ, वीस दिवस. मी दोन किलो वाढवले. दुसऱ्या दिवशी खुंटीवरचा मृदंग खाली आलेला होता आणि बाबा वाद्या तपासत बसले होते. दोन बदलाव्या लागतील म्हणाले.

तिसऱ्या वर्षाचा प्रवेश बहुधा जुलैच्याच पहिल्या पंधरवड्यात येईल. त्यासाठी एक दिवस बुलढाण्याला यावे लागेल. त्या दिवशी बैल शेजारच्या काकांकडे राहतील, तेही लिहून ठेवले आहे.